गुरुवर्य हॉपकिन्स

इंग्लंडच्या समुद्रकाठी असलेल्या ईस्टबोर्न या गावी २० जून १८६१ रोजी फ्रेडरिक गॉवलंड हॉपकिन्स यांचा जन्म झाला. वडिलांचे छत्र बालपणीच हरपले. सतराव्या वर्षी त्यांनी विमा कचेरीत नोकरी पत्करली. पुढे रासायनिक पृथक्करणाचे काम करीत त्यांनी नेटाने शिक्षण पुरे केले व वैद्यकाची पदवी मिळविली. १८९८ साली केंब्रिज विद्यापीठाने त्यांना बोलावून घेतले.

शुद्ध प्रथिने, स्निग्ध पदार्थ, पिष्टमय पदार्थ आणि क्षार देऊनही उंदरांची पिले वाढत नाहीत. परंतु त्यांना थोडेसे दूध मिळताच ती वाढू लागतात, हे त्यांनी १९१२ साली प्रसिद्ध केले. दुधातील ते सूक्ष्म घटक म्हणजे जीवनसत्त्वे होत. या कार्याबद्दल १९२९ साली त्यांना आइकमन यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक लाभले.

परंतु हॉपकिन्स यांचे खरे वैभव म्हणजे त्यांचे शिष्य. १९१४ साली ते जीवरसायनशास्त्राचे प्राध्यापक झाले. शिष्यांना आपल्याच कामाला जुंपणे त्यांना रुचत नसे. त्यांच्या प्रयोगशाळेत कोणी जंतूंचा, कोणी स्नायूंचा, तर कोणी गर्भाच्या वाढीचा अभ्यास करी. प्रयोगशाळेतील मंडळी आपला विनोदी वार्षिक अंकही काढीत. धाक नव्हे, तर विश्वास हीच तेथील शिस्त होती.

केंब्रिजमध्ये स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने पदवी मिळू लागली, ती १९४८ साली. त्याच्या कितीतरी आधी हॉपकिन्स यांनी त्यांना संशोधनाचे दार खुले केले होते. त्यांच्या शिष्या मार्जरी स्टीफन्सन १९४५ साली रॉयल सोसायटीच्या सदस्य झाल्या. हा मान मिळविणाऱ्या पहिल्या दोन स्त्रियांपैकी त्या एक होत. १९३३ साली हिटलरच्या राजवटीने ज्यू शास्त्रज्ञांना पदच्युत केले, तेव्हा हान्स क्रेब्ज यांना हॉपकिन्स यांनी आसरा दिला. याच क्रेब्ज यांना १९५३ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

कमला भागवत यांना केवळ मुलगी म्हणून बंगळूरच्या विज्ञान संस्थेत प्रथम प्रवेश नाकारण्यात आला होता. निर्धाराने तो मिळवून त्यांनी आपली योग्यता सिद्ध केली व पुढे त्या केंब्रिजला गेल्या. हॉपकिन्स यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी वनस्पतींच्या श्वसनक्रियेवर संशोधन केले आणि १९३९ साली पीएच. डी. मिळविली. त्याच पुढे कमला सोहोनी या नावाने विख्यात झाल्या. मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी स्वतः विद्यार्थी घडविले आणि नीरेसारख्या गरिबांच्या आहारातील पदार्थांचा अभ्यास केला.

१६ मे १९४७ रोजी हॉपकिन्स निवर्तले. त्यांनी लावलेला ज्ञानदीप मात्र विझला नाही. त्यावर पेटलेल्या ज्योती देशोदेशी उजळत राहिल्या.