ताकाकी कानेहिरो

जपानच्या आरमाराला एकेकाळी बेरीबेरी या रोगाने ग्रासले होते. पायांना सूज येई, हातपाय लुळे पडत आणि धडधाकट खलाशी पाहता पाहता दगावत.

ताकाकी कानेहिरो यांचा जन्म १८४९ साली झाला. लंडन येथे वैद्यकाचे शिक्षण घेऊन ते १८८० साली मायदेशी परतले. आरमाराचे वैद्य या नात्याने त्यांनी रोगाचे मूळ शोधण्यास प्रारंभ केला. सडलेल्या पांढऱ्या तांदळावर निर्वाह करणाऱ्यांनाच हा रोग विशेष जडतो, असे त्यांना आढळले.

१८८३ साली ‘ऱ्यूजो’ हे जहाज लांबच्या सफरीवरून परतले. त्यावरील ३७६ जणांपैकी १६९ जण बेरीबेरीने आजारी पडले होते व २५ जण मरण पावले होते. पुढील वर्षी ताकाकींनी ‘त्सुकुबा’ हे जहाज त्याच मार्गाने पाठवविले. शिधा मात्र बदलला. मांस, दूध, पाव व भाज्या दिल्या. या वेळी बेरीबेरीने एकही मृत्यू झाला नाही!

परंतु खलाशांना पाव रुचेना. तेव्हा १८८५ साली ताकाकींनी तांदळात जव मिसळण्याची युक्ती योजिली. थोड्याच वर्षांत आरमार जवळजवळ रोगमुक्त झाले. भूसेनेने मात्र पांढरा भात सोडला नाही. १९०४-०५ च्या युद्धात तिचे हजारो सैनिक बेरीबेरीने मेले.

प्रथिनांची उणीव हे रोगाचे कारण, असे ताकाकी मानीत. कोंड्याबरोबर नष्ट होणारे ब-१ जीवनसत्त्व हे खरे कारण पुढे उमगले. तर्क चुकला, तरी त्यांचा उपाय अचूक ठरला. १९२० साली ते निवर्तले. पण असंख्य खलाशांचे प्राण त्यांनी केवळ अन्नपालटाने वाचविले होते.