वॉल्टर स्कॉट व एडिंबरोची मिरवणूक

आपल्या सैन्यातील अनेक पायदळ पलटणींत बॅगपाइप वाजविणारे वादक असतात. प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात काखेतील फुगलेली पिशवी दाबीत ते चालू लागले म्हणजे पाहणाऱ्यांची पावलेही नकळत ताल धरतात. हे वाद्य इंग्रजी अमदानीत स्कॉटलंडच्या पलटणींबरोबर आपल्याकडे रुजले. तिकडे तर पूर्वजांच्या स्मरणार्थ निघणाऱ्या मिरवणुकीची शोभा बॅगपाइप व किल्ट यांवाचून पुरी होत नाही. किल्ट म्हणजे पुरुषांनी नेसावयाचा, गुडघ्यापर्यंत येणारा, चुण्यांचा चौकडीदार लोकरी घागरा. हा सबंध स्कॉटलंडचा पुरातन राष्ट्रीय वेष असावा, अशी आपली समजूत असते. वस्तुतः तो हायलंड नावाच्या उत्तरेकडील डोंगरी मुलखाचा वेष होता. एके काळी तो अंगावर घालणे हा गुन्हा होता. आणि पुढे तो साऱ्या राष्ट्राचा झाला तो पुष्कळ अंशी एका पायाने अधू असलेल्या वकिलामुळे. हा वकील म्हणजेच सुप्रसिद्ध कादंबरीकार सर वॉल्टर स्कॉट.

इ. स. १७४६ च्या एप्रिलात कलोडनच्या माळावर राजपुत्र चार्ल्स स्टुअर्टच्या बाजूने लढणाऱ्या हायलंडच्या टोळ्यांचा धुव्वा उडाला. विजयी सरकारने त्यांची शस्त्रे काढून घेतलीच, परंतु त्यांचे कपडेही सोडले नाहीत. किल्ट नेसलेला पुरुष प्रथम सापडल्यास सहा महिने तुरुंगवास, दुसऱ्यांदा सापडल्यास सात वर्षे समुद्रापार हद्दपारी, असा कायदा झाला. जेम्स रीड नावाच्या एका बॅगपाइपवाल्याने आपण शस्त्र धरलेच नव्हते असा बचाव केला, तेव्हा यॉर्कच्या न्यायालयाने त्याचे वाद्य हेच युद्धाचे साधन ठरविले व त्याला फाशी दिली. सरकारी पलटणींत भरती झालेल्या हायलंडरांना मात्र तो वेष मोकळा होता. हा कायदा १७८२ साली रद्द झाला, तेव्हा स्कॉटला अकरावे वर्ष चालू होते.

त्याचा जन्म १५ ऑगस्ट १७७१ रोजी एडिंबरो शहरी झाला. वडील कायद्याचा व्यवसाय करीत; आई वैद्यकाच्या प्राध्यापकाची कन्या. दीड वर्षाच्या वयात मुलास ताप आला व उजवा पाय कायमचा अधू झाला. मोकळ्या हवेसाठी त्याला दक्षिण सरहद्दीवरील आजोबांच्या शेतावर पाठविण्यात आले. तेथे एक जुना बुरूज, मेंढरांची कुरणे आणि जुनी कवने म्हणून दाखविणारी जेनेट आत्या! आमच्या मते स्कॉटची खरी शाळा हीच. पुढे वडिलांकडे इन्व्हरनाहाइलचे अलेक्झांडर स्टुअर्ट नावाचे एक वृद्ध अशील येत. ते राजपुत्राच्या बाजूने स्वतः लढलेले. हा मुलगा त्यांच्यापुढे बसून पराभूतांच्या तोंडून पराभवाची हकीकत ऐके.

वडिलांच्या कचेरीत उमेदवारी करीत असता हायलंडात शिरण्याचा एक प्रसंग आला, तो मोठा चमत्कारिक होता. काही कुळांना जमिनीवरून काढून लावण्याचा हुकूम बजावण्यास त्याला धाडले होते. सोबतीला हायलंड पलटणीतील एक सार्जंट व सहा शिपाई. तो सार्जंट वाटेने रॉब रॉय नावाच्या जुन्या बंडखोराच्या गोष्टी रंगवून सांगत होता. मंडळी मुक्कामी पोहोचली तो घर ओस पडलेले! कुळे आधीच निघून गेली होती. रॉब रॉयवरील स्कॉटची कादंबरी सर्वांना ठाऊक आहे. त्या रिकाम्या घराची आठवण मात्र फारसे कोणी काढीत नाही.

१७९२ साली तो वकील झाला, पुढे न्यायखात्यात अधिकारी झाला. परंतु जीव जुन्या कवनांत. खेडोपाडी हिंडून त्याने ती जमविली व १८०२ पासून छापिली. या कामी त्यास साह्य करणारा जॉन लेडन पुढे मद्रासेस येऊन येथील भाषांचा पंडित झाला. मग स्कॉटची स्वतःची काव्ये गाजली, आणि १८१४ मध्ये ‘वेव्हर्ली’ ही कलोडनच्या बंडावरील कादंबरी निनावी प्रसिद्ध झाली. ज्या टोळ्यांची एडिंबरोचे सभ्य लोक रानटी म्हणून हेटाळणी करीत, त्यांच्यासाठीच आता वाचक डोळे पुसू लागले. आपल्याकडे हरिभाऊ आपट्यांच्या ऐतिहासिक कादंबऱ्यांचा विषय निघाला की टीकाकारांना स्कॉट आठवतो, तो या लेखनामुळेच.

१८२२ च्या ऑगस्टात राजा चौथा जॉर्ज स्कॉटलंडला यावयाचा ठरला. सुमारे पावणेदोनशे वर्षांत त्या भूमीवर गादीवरच्या राजाचे पाऊल पडले नव्हते. स्वागताची सारी व्यवस्था स्कॉटकडे आली, आणि अवधी काही आठवड्यांचाच! त्याने डोंगरी टोळ्यांच्या नायकांना आपापली माणसे किल्ट नेसवून, बॅगपाइपवाल्यांसह आणण्याविषयी पत्रे धाडली. नागरिकांनी कसे वागावे, काय नेसावे, याविषयी एक शिलिंग किमतीची पुस्तिकाही निनावी काढली. राजाचे जहाज १४ तारखेस भर पावसात बंदरास लागले. स्कॉट नावेतून भेटीस गेला. ज्या पेल्यातून राजाने त्याचे स्वागत म्हणून मद्य घेतले तो पेला त्याने मोठ्या भक्तिभावाने मागून घेऊन कोटाच्या खिशात ठेवला. घरी येतो तो क्रॅब हे कवी पाहुणे आलेले. त्या आनंदात महाशय खुर्चीवर बसले आणि पेल्याचा चुराडा झाला!

दुसऱ्या दिवशी, म्हणजे स्कॉटच्या जन्मदिनीच, राजा किनाऱ्यावर उतरला. पुढे दरबारात तो स्वतः किल्ट नेसून व खाली मांसवर्णी मोजे घालून आला. त्या वेषाचा खर्च १,३५४ पौंड झाला होता. बावीस तारखेस राजवाड्यापासून किल्ल्यापर्यंत मिरवणूक निघाली. पुढे स्कॉटलंडचा प्राचीन मुकुट होता. १७०७ पासून पेटीत कुलुपबंद पडलेली ही राजचिन्हे १८१८ मध्ये स्कॉटच्याच खटपटीने पुन्हा उजेडात आली होती. मागे टोळ्यांची पथके, बॅगपाइपचे सूर आणि वर संततधार पाऊस. ज्या राजघराण्याने तो वेष बंद पाडला त्याच घराण्याचा राजा बुरुजावरून टोपी हालवीत होता, आणि खाली एडिंबरोचे हजारो नागरिक, ज्यांच्या आजोबांनी किल्टला कधी हातही लावला नव्हता, ते जयघोष करीत होते. स्कॉट स्वतः मात्र त्या दिवसांत चौकडीची विजार घालून वावरत होता.

पुष्कळांना हे सोंग वाटले. स्कॉटचा जावई व चरित्रकार लॉकहार्ट यासही ते रुचले नाही. आम्हांस त्यापेक्षा दुसरी गोष्ट अधिक खुपते. त्या सोहळ्यास सदरलंडच्या जमीनदारीतूनही माणसे पाठविली होती. आणि त्याच जमीनदारीत आधीच्या दहा-पंधरा वर्षांत मेंढरांची कुरणे करण्यासाठी हजारो माणसांना पिढ्यान् पिढ्यांच्या दऱ्यांतून उठवून समुद्रकिनारी घालविले होते. वेषाला मान मिळाला, पण वेष घालणाराची जमीन गेली. स्कॉटला हे दिसत नव्हते असे नाही. त्याने त्याविषयी खेदाने लिहिलेही आहे. परंतु त्या मिरवणुकीत या दुःखाला जागा नव्हती. तरीही ज्या आठवणी पराभूतांच्या चुलीपाशीच विझून गेल्या असत्या त्या त्याने राष्ट्राच्या हाती दिल्या, हेही तितकेच खरे.

चारच वर्षांनी त्याच्यावर आकाश कोसळले. १८२६ च्या जानेवारीत त्याचे प्रकाशक व भागीदारीचा छापखाना बुडाला आणि एक लाख वीस हजार पौंडांच्या आसपास ऋण डोक्यावर आले. दिवाळे काढण्याची मोकळीक असता त्याने ती नाकारली व लिहून पै न् पै फेडण्याचे कबूल केले. मुलींना हार्प शिकविणारा गरीब शिक्षक आपली सारी शिल्लक देऊ करू लागला. स्कॉटने तीही घेतली नाही. मे महिन्यात पत्नी वारली. तो लिहीत राहिला. नेपोलियनचे नऊ खंडांचे चरित्र झाले. आजारी नातवासाठी स्कॉटलंडच्या इतिहासाच्या गोष्टी झाल्या. १८३० मध्ये अर्धांगाचा झटका येऊनही लेखणी थांबली नाही. २१ सप्टेंबर १८३२ रोजी ॲबट्सफर्ड येथील आपल्या घरी त्याने देह ठेवला, तेव्हा निम्म्याहून अधिक ऋण फिटले होते; उरलेले विम्याच्या रकमेतून व पुस्तकांच्या हक्कांतून फिटले.

त्याची प्रेतयात्रा ड्रायबर्गच्या पडक्या मठाकडे निघाली, तो दिवस अंधारलेला व सोसाट्याच्या वाऱ्याचा होता. मागे मैलभर गाड्यांची रांग. पेटीला भाडोत्री माणसाचा हात लागू नये, अशी जुन्या नोकरांनी व रानातील गड्यांनी विनवणी केली होती. तिला खांदा त्यांनीच दिला. वाटेत बेमरसाइडच्या टेकडीवर काही कारणाने शवाची गाडी थोडा वेळ थांबली. स्कॉट जिवंतपणी त्या वाटेने जाई तेव्हा खालच्या नदीचे वळण पाहण्यासाठी नेहमी तेथेच घोडा थांबवीत असे.