कवळाण्याचा गोपाळ आणि महाराजांची झोप

कवळाण्याच्या गोपाळरावाची कथा आम्हां बडोदेकर मराठी मंडळींच्या घरांत पाळण्यापासून ऐकू येते. परवा मी ती नातवास सांगत होतो. गोपाळ राजवाड्यात आला, दत्तक झाला, राजा झाला, येथपर्यंत सारे ठीक चालले. तोच त्याने मध्येच विचारले की, त्या मुलाला पहिल्या रात्री झोप लागली का? इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कधी सुचला नव्हता, हे कबूल केले पाहिजे.

श्रीमंत सयाजीराव महाराजांचा जन्म ११ मार्च १८६३ चा, नाशिक जिल्ह्यातील मालेगावाजवळच्या कवळाणे गावचा. घर शेतकऱ्याचे. १८७५ साली मल्हारराव पदच्युत झाले, आणि खंडेराव महाराजांच्या विधवा जमनाबाईसाहेबांनी २७ मे रोजी या बारा वर्षांच्या मुलास मांडीवर घेतले. गाव सुटले, आईबाप दुरावले, नावही बदलले. त्याच वर्षाच्या अखेरीस इलियटसाहेब शिक्षक म्हणून आले, आणि अक्षरांशी फारशी ओळख नसलेल्या त्या मुलाच्या वाट्याला मराठी, गुजराती, उर्दू व इंग्रजी अशा चार भाषा एकदम आल्या. शिवाय घोडदौड, तालीम, दरबारी रीत. सहा वर्षांत, २८ डिसेंबर १८८१ रोजी, वयाच्या अठराव्या वर्षी संपूर्ण राज्यकारभार हाती आला. या शिक्षणाचे कौतुक आपण सर्वांनीच केले आहे व ते योग्यही आहे. पण त्याची किंमत कोणी मोजली?

पुढे १८८५ च्या मे महिन्यात पहिल्या चिमणाबाईसाहेब क्षयाने गेल्या. युवराज फत्तेसिंहराव तेव्हा दोन वर्षांचेही नव्हते. रावपुऱ्यातील टॉवर १८९६ साली त्यांच्याच स्मरणार्थ उभा राहिला. त्याखालून आपण रोज जातो. या सुमारास महाराजांस निद्रानाशाने व मज्जातंतूंच्या दुर्बलतेने ग्रासले. वैद्यांच्या सल्ल्याने १८८७ साली ते प्रथम विलायतेस गेले, आणि मग प्रकृतीसाठी परदेशी जाणे जन्मभर चालूच राहिले. कर्झनसाहेबांना या प्रवासांत केवळ हौस दिसली. १९०० साली संस्थानिकांनी परवानगीवाचून परदेशी जाऊ नये असे फर्मान निघाले, ते मुख्यत्वे आमच्या महाराजांवर रोखलेले होते. आजाऱ्याने झोप शोधावी तीही सरकारला विचारून!

आज वैद्यक याविषयी बरेच जाणते. फेलिटी आणि अँडा या अमेरिकन डॉक्टरांनी १९९८ साली हजारो प्रौढांच्या बालपणाची चौकशी प्रसिद्ध केली. लहानपणी जितके अधिक आघात, तितके पुढे हृदयविकार, व्यसने व खिन्नता यांचे प्रमाण अधिक, असे तीत दिसून आले. धोका वाटला की मूत्रपिंडांवरच्या लहानशा ग्रंथींतून कॉर्टिसोल स्रवते. ते प्रसंगापुरते उपकारक असते. परंतु वर्षानुवर्षे शरीर सावधच राहिले तर झोप, रक्तदाब, रोगप्रतिकार या सगळ्यांची घडी बिघडते.

मात्र हे माप महाराजांस सरळ लावणे मला पटत नाही. त्या चौकशीत मारहाण, घरातील भांडणे यांविषयी विचारले होते. कवळाण्याच्या घरात तसे काही असल्याचे कोणी लिहिलेले नाही. येथे आघात होता तो अचानक तुटण्याचा आणि अविश्रांत अपेक्षेचा. शिवाय पत्नीवियोग व राज्याचा भार ही तरुणपणची कारणेही होतीच. सोबतीला आधारही होता. जमनाबाईसाहेबांची माया होती, धाकटे बंधू संपतराव बडोद्यासच वाढले. असे एखादे भरवशाचे माणूस जवळ असले तर आघाताची धार बोथट होते, असे आजचे तज्ज्ञही मानतात. म्हणूनच की काय, झोपेविना तळमळणारा हा पुरुष शहात्तराव्या वर्षापर्यंत जगला. १९०६ साली त्याने साऱ्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. मुलांच्या बाबतीत मात्र दैव कठोर ठरले: फत्तेसिंहराव १९०८ साली, शिवाजीराव १९१९ साली, जयसिंहराव १९२३ साली, असे तीन पुत्र डोळ्यांदेखत गेले.

६ फेब्रुवारी १९३९ रोजी मुंबईस महाराजांनी देह ठेवला. नातवाला मी सांगितले की, त्या पहिल्या रात्रीचे राहू दे, पण पुढे राजा झाल्यावर त्यांना कित्येक रात्री झोप आली नाही. तो थोडा वेळ गप्प बसला, आणि त्यांची आई नंतर त्यांना भेटायला येत असे का, असे विचारू लागला.