वरळीच्या कासवाला नाव देणारे डॉक्टर: कोण होते हेन्री कार्टर?

आज गजबजलेल्या वरळीत 6 कोटींहून अधिक वर्षांपूर्वी गोड्या पाण्यातली कासवं राहायची. त्यांना शास्त्रीय नाव दिलं एका सर्जनने.

हेन्री जॉन कार्टर यांचा जन्म 1813 चा, इंग्लंडमधल्या डेव्हनचा. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत ते मुंबईत आले. डॉक्टरकी सांभाळत त्यांनी इथल्या खडकांचा अभ्यास केला. वरळीत लाव्हाच्या थरांमधल्या गाळात कासवाचे जीवाश्म सापडले होते. 1852 मध्ये कार्टर यांनी त्याला ‘टेस्टुडो लीथाय’ म्हटलं. पहिला शब्द गटाचा, दुसरा जातीचा. दुसरा शब्द मुंबईतलेच डॉ. अँड्र्यू लीथ यांच्या सन्मानार्थ.

पण गट चुकला होता. ‘टेस्टुडो’ म्हणजे जमिनीवरची कासवं. हे कासव मान आत न ओढता बाजूला वळवणाऱ्यांपैकी आहे. त्याचे नातेवाईक आज आफ्रिका, मादागास्कर आणि दक्षिण अमेरिकेत आहेत, भारतात नाहीत.

नियमाप्रमाणे जातीचा शब्द कायम राहिला, गटाचा बदलला. अमेरिकन अभ्यासक अर्नेस्ट विल्यम्स यांनी 1953 मध्ये दिलेलं नवं नाव ‘कार्टरेमिस लीथाय’. 1895 मध्येच वारलेल्या कार्टर यांचं नाव असं त्यांच्याच कासवाला लागलं.

आणि लीथ? गोदावरी खोऱ्यात आजही आढळणाऱ्या मऊ पाठीच्या एका कासवालाही त्यांचंच नाव आहे.