नदीच्या गाळाचा हिशेब मांडणारे गिल्बर्ट

कॅलिफोर्नियात १८५३ पासून सोने काढण्याची एक नवी रीत रूढ झाली. पाण्याच्या जोरदार झोतांनी डोंगरउतार फोडायचे, सोन्याचे कण वेगळे करायचे आणि उरलेली माती-वाळू नदीत सोडून द्यायची. युबा आणि सॅक्रामेंटो नद्यांची पात्रे उथळ होत गेली, पूर वाढले, शेते-बागा गाळाखाली गेल्या. अखेर जानेवारी १८८४ मध्ये न्यायालयाने नद्यांत असा गाळ सोडण्यास मनाई केली. पण त्यानंतर वीस वर्षांनीही नद्या मोकळ्या झाल्या नव्हत्या. खाणमालकांच्या संघटनेने सरकारकडे अभ्यासाची मागणी केली आणि १९०५ मध्ये हे काम ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट यांच्याकडे आले.

६ मे १८४३ रोजी न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर येथे जन्मलेले गिल्बर्ट अमेरिकेच्या भूशास्त्रीय सर्वेक्षण संस्थेत स्थापनेपासून, म्हणजे १८७९ पासून होते. नव्या कामात त्यांच्यापुढे मोठी अडचण होती. गेल्या पन्नास वर्षांत नदीतील गाळ नियमितपणे कोणी मोजलाच नव्हता. पाण्याच्या पातळीच्या जुन्या नोंदी मात्र होत्या. गिल्बर्ट यांनी त्यांतून प्रत्येक वर्षाची सर्वांत कमी पातळी निवडली. कोरड्या दिवसांत नदीला पाणी थोडेच असते. तरीही ही पातळी वर्षागणिक चढत असेल, तर तळ वर आला आहे, हे उघड होते.

या नोंदींतून गाळाचा प्रवास दिसला. खाणींचा गाळ एखाद्या संथ लाटेसारखा खाली सरकत होता. मेरीसव्हिल गावाजवळ युबेचा तळ सर्वाधिक उंचावला तो १९०५ च्या सुमारास, म्हणजे बंदीनंतर वीसएक वर्षांनी. खाणींतून निघालेला एकूण गाळ पनामा कालव्याच्या खोदाईच्या सुमारे आठपट असल्याचा अंदाज त्यांनी मांडला. वाहते पाणी किती वाळू नेते, हे पाहण्यासाठी बर्कले येथे लाकडी पन्हळींत प्रयोग केले. मध्येच प्रकृती ढासळल्याने हे काम सहकाऱ्याकडे सोपवावे लागले. तरी त्याचा अहवाल १९१४ मध्ये आणि खाणींच्या गाळावरचा १९१७ मध्ये प्रसिद्ध झाला. सॅन फ्रान्सिस्कोची खाडी उथळ झाली, तर भरती-ओहोटीचे प्रवाह मंदावून बंदराच्या तोंडाशी वाळूचा बांध वाढेल, हा धोकाही त्यांनी दाखवला.

१ मे १९१८ रोजी, पंचाहत्तरी पाच दिवसांवर असताना, त्यांचे निधन झाले. पुढच्या संशोधकांना गाळाची लाट त्यांच्या अंदाजापेक्षा हळू ओसरत असल्याचे आढळले. शिवाय खाणकामगार सोने पकडण्यासाठी पारा वापरत. गाळाबरोबर वाहून गेलेला तो पारा खाडीच्या तळाशी आजही आहे आणि माशांमध्ये उतरतो. त्यामुळे तिथले काही मासे गर्भवतींनी व मुलांनी टाळावेत, असा सल्ला आरोग्य खाते आजही देते.