मोजून पाहणारा माणूस

आमच्या वर्ध्याजवळच्या सेवाग्रामला येणारा पाहुणा बापूकुटी पाहतो, थोडा वेळ झाडांच्या सावलीत बसतो आणि परततो. याच आश्रमात जून १९४७ मध्ये धर्मानंद कोसंबी यांनी अन्नत्याग करून देह ठेवला, हे फार थोड्यांना ठाऊक असते. बौद्ध धर्माच्या ज्ञानासाठी गोव्यातले घरदार सोडून नेपाळ, सिलोन, ब्रह्मदेशापर्यंत भटकलेला हा विद्वान. शरीर आता लोकांच्या उपयोगी पडत नाही, असे वाटल्यावर त्यांनी ते शांतपणे सोडले.

पुढच्याच वर्षी त्यांचे चिरंजीव दामोदर युनेस्कोची शिष्यवृत्ती मिळवून इंग्लंड-अमेरिकेला गेले. त्यांना गणकयंत्रांचे तंत्र अभ्यासायचे होते. आज आपण ज्याला संगणक म्हणतो त्याचे ते बाल्य होते. खोली भरून टाकणारी, तापणारी, वारंवार बिघडणारी यंत्रे! भारतात तेव्हा इलेक्ट्रॉनिक संगणक एकही नव्हता. तो कलकत्त्याच्या सांख्यिकी संस्थेत आला १९५५ साली.

दामोदर कोसंबी हे नाव मराठी वाचकांना माहीत आहे ते इतिहासकार म्हणून. पण पोटापाण्याचा त्यांचा व्यवसाय गणिताचा, आणि माझ्या मते त्यांच्या इतिहासाची किल्लीही त्या गणितातच आहे.

त्यांचा जन्म ३१ जुलै १९०७ चा, गोव्यातला. अकराव्या वर्षी ते वडिलांबरोबर अमेरिकेत गेले. हार्वर्ड विद्यापीठातून १९२९ मध्ये पहिल्या प्रतीची पदवी घेऊन मायदेशी परतले. पुढे ‘सायबरनेटिक्स’ या शास्त्राचा पाया घालणारे नॉर्बर्ट वीनर हे त्यांचे तिथले स्नेही. काशी आणि अलीगढ येथे काही काळ शिकवून १९३३ मध्ये ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात आले आणि बारा वर्षे राहिले.

याच काळात त्यांना जुन्या चांदीच्या नाण्यांचे वेड लागले. नाणे हातोहात फिरते तसे झिजते. म्हणजे वजन घटले किती, यावरून ते किती काळ फिरले याचा अंदाज बांधता येईल. पण अंदाज खरा कशावरून? कोसंबींनी चालू चलनातली नाणी आणून त्यांचीही वजने केली, झिजेचा नियम तपासला आणि मग तक्षशिलेच्या नाण्यांकडे वळले. एक एक नाणे तराजूत घालायचे, आकडा मांडायचा, पुढचे उचलायचे. अशी हजारो नाणी त्यांनी तोलली. इतिहास हा राजांच्या नावांतून नव्हे, तर वस्तूंच्या झिजेतूनही वाचता येतो, हे त्यांनी दाखवले.

१९४३ मध्ये त्यांनी भारतीय गणित परिषदेच्या नियतकालिकात एक निबंध लिहिला. विषय अवघड, पण त्यातली कल्पना घरातल्या उदाहरणाने सांगता येईल. वर्ध्याच्या उन्हाळ्यात तासातासाचे तापमान टिपले तर दिवसाचे चोवीस आकडे होतात. पण बहुतेक दिवसांचा आलेख एकाच वळणाचा असतो: सकाळी चढतो, दुपारी तापतो, रात्री उतरतो. एखाद्या दिवशी ढग येतात, वळण थोडे बदलते. म्हणजे मूळ वळणे दोन-तीनच. कोणते वळण किती प्रमाणात आहे एवढे सांगितले, की चोवीस आकड्यांचे काम दोन-तीन आकड्यांत भागते. ही मूळ वळणे शोधण्याची रीत कोसंबींनी मांडली. काही वर्षांनी कारहुनेन आणि लोएव्ह हे दोन युरोपीय गणिती स्वतंत्रपणे तिथेच पोचले आणि जगात त्यांचीच नावे रूढ झाली. कोसंबींचे नाव त्यांच्याआधी जोडण्याची न्याय्य प्रथा बरीच उशिरा आली. संगणकाने चेहरा ओळखण्याच्या आणि चित्रे थोड्या जागेत साठवण्याच्या पद्धतींत या कल्पनेचा मोठा हात आहे.

दुसऱ्याच वर्षी, १९४४ मध्ये, त्यांनी जनुकांमधले अंतर मोजण्याचे सूत्र दिले. पिकांच्या वाणांवर काम करणारे शास्त्रज्ञ ते आजही वापरतात, कापसासाठीसुद्धा. आमचा जिल्हा कापसाचा. म्हणून मला याचे विशेष अप्रूप.

१९४५ मध्ये होमी भाभांनी त्यांना मुंबईच्या नव्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बोलावले. कोसंबी पुण्यातच राहिले आणि दख्खनच्या राणीने मुंबईला जाऊ-येऊ लागले. पुढे ही संस्था अणुऊर्जा खात्याच्या छत्राखाली गेली आणि सरकारी पैशाने वाढली. त्याच संस्थेत नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली देशी बनावटीचा संगणक तयार होऊन १९६० मध्ये सुरू झाला.

नेमके १९६० मध्येच कोसंबी पुण्यात जाहीरपणे सांगत होते, की भारताने अणुशक्तीपेक्षा सूर्याच्या उष्णतेकडे लक्ष द्यावे. अणुऊर्जा खात्याच्या पैशावर चालणाऱ्या संस्थेत नोकरी आणि तोंडाने हे! १९६२ मध्ये त्यांचा करार संपला, तो वाढवला गेला नाही. एवढे एकच कारण धरून त्यांना हुतात्मा ठरवणे मात्र बरोबर नाही. रीमानच्या प्रसिद्ध कूटप्रश्नाची सिद्धता सापडल्याचा दावा त्यांनी १९५९ मध्ये केला होता. तो टिकला नाही आणि गणितींमध्ये त्यांची पत खालावली. स्वभावही तिखट होता. तरीही मला प्रश्न पडतो: सरकारच्या पैशावर विज्ञान चालणार असेल, तर सरकारच्या धोरणाविरुद्ध बोलणाऱ्या वैज्ञानिकाला तिथे जागा असावी की नाही? वर्ध्याच्या उन्हात सौर पॅनेल पाहताना हा प्रश्न अधिकच टोचतो.

नोकरी गेल्यावर कोसंबी खचून बसले नाहीत. पुण्याच्या टेकड्या तुडवत, धनगरांशी बोलत, अश्मयुगीन दगडी हत्यारे वेचत राहिले. १९६४ मध्ये वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्यांना मानद शास्त्रज्ञ नेमले आणि पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीत त्यांना बसायला जागा मिळाली. प्राचीन भारताची संस्कृती सांगणारा त्यांचा ग्रंथ १९६५ चा. २९ जून १९६६ रोजी, साठीही न गाठता, ते झोपेतच गेले.

बाप श्रद्धेच्या वाटेने गेला, मुलगा मार्क्सवादाच्या. दोघांमध्ये साम्य शोधायचे तर मला एकच दिसते: पटलेल्या गोष्टीची किंमत दोघांनीही स्वतःच्या खिशातून दिली. मुलाने त्यात आपली एक सवय मिसळली. पटण्याआधी तो मोजून पाहत असे. आज मोजण्याचे काम यंत्र करते आणि डोळ्याचे पाते लवायच्या आत उत्तर देते. काय मोजायचे आणि मोजल्यावर जे दिसेल ते बोलायचे की नाही, हे मात्र अजून माणसालाच ठरवावे लागते. घरातल्या मुलांना संगणक घेऊन देताना दामोदर कोसंबींची ही गोष्टही सांगावी, असे मला वाटते.