जॉन टिंडल आणि चिवट जंतू

आयर्लंडच्या कार्लो परगण्यातील एका लहानशा गावी २ ऑगस्ट १८२० रोजी जॉन टिंडलचा जन्म झाला. वडील पोलीस शिपाई होते. घरची स्थिती बेताचीच. शाळा सुटल्यावर जॉन जमीनमोजणीच्या खात्यात लागला. पुढे रेल्वेची मोजणी केली, शिक्षकाचेही काम केले. अठ्ठाविसाव्या वर्षी सर्व सोडून तो जर्मनीतील मारबुर्ग विद्यापीठात शिकावयास गेला. १८५३ साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये तो प्राध्यापक झाला.

टिंडलचा विषय पदार्थविज्ञान. जंतूंशी त्याची गाठ घातली ती धुळीने! अंधाऱ्या खोलीत कवडसा आला की त्यात असंख्य कण तरंगताना दिसतात, हे तुम्ही पाहिलेच असेल. या कणांबरोबर जंतूही वावरत असावेत, असे टिंडलला वाटले. त्या काळी मांसाचा रस नासला की त्यातील जंतू निर्जीव द्रवातून आपोआप उपजतात, असे मानणारे विद्वान होते. फ्रान्समध्ये पाश्चरने हे मत खोडून काढले होते. परंतु लंडनचा डॉक्टर बास्टियन ते अजूनही हिरिरीने मांडीत होता.

टिंडलने एक लाकडी पेटी करविली. तिला आतून ग्लिसरीन फासले, म्हणजे खाली बसलेली धूळ तेथेच चिकटून राही. पेटीच्या तळाशी नळ्या बसविल्या. त्यांची तोंडे आत उघडी होती. प्रकाशाचा झोत पेटीतून जाताना दिसेनासा झाला की आतील हवा धूळरहित झाली, असे तो समजे. मग मांस, मासे, गवत यांचे काढे नळ्यांत ओतून तो पाच मिनिटे उकळवी. पेटीतील काढे निवळ राहिले. बाहेर ठेवलेले थोड्याच दिवसांत गढूळ झाले. १८७६ च्या आरंभी त्याने हे जाहीर केले.

त्याच वर्षाच्या अखेरीस मात्र सारेच फिसकटले. पेटी तशीच, रीत तीच; तरी काढे नासू लागले. अधिक वेळ उकळूनही काही काढे नासले. जणू बास्टियनच्या मताला टिंडलच्याच हातांनी पुरावा मिळत होता! टिंडलने हे अपयश दडवून ठेवले नाही. त्याने पुन्हा पुन्हा प्रयोग केले, तेव्हा संशय प्रयोगशाळेत आणलेल्या जुन्या, वाळलेल्या गवतावर गेला. ताज्या गवताचा काढा सहज निर्जंतुक होई, जुन्याचा होत नसे. जुन्या गवताची धूळ त्या वास्तूच्या हवेत पसरली होती. त्याने क्यू येथील वनस्पतिउद्यानातील नव्या प्रयोगशाळेत बिऱ्हाड हलविले, तेव्हा नळ्या पुन्हा निवळ राहू लागल्या.

गवतावरील हे जंतू प्रतिकूल परिस्थितीत कठीण कवचाचे बीजाणू बनतात. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ कोन यानेही १८७६ साली ते पाहिले होते. जंतू उकळीत मरतो, बीजाणू तग धरतो. मग त्याला मारावे कसे? टिंडलने युक्ती केली. काढा थोडाच वेळ उकळावयाचा आणि काही तास तसाच ठेवावयाचा. तेवढ्यात बीजाणू रुजून कोवळे जंतू होतात. त्यांची नवी पिल्लावळ होण्यापूर्वी पुन्हा उकळावयाचे. असे काही वेळा केले की मागे राहिलेले बीजाणूही रुजतात व मरतात. एक तासाच्या सलग उकळीने जे साधत नव्हते, ते काही मिनिटांच्या खंडित उकळीने साधले! १८७७ साली त्याने ही रीत प्रसिद्ध केली. पुढे तिला टिंडलचेच नाव मिळाले.

उतारवयात त्याला निद्रानाशाने ग्रासले. ४ डिसेंबर १८९३ रोजी एका औषधाऐवजी झोपेचे औषध चुकून अधिक प्रमाणात दिले गेले आणि त्यातच त्याचा अंत झाला.